बाबा उन्हात उभे राहिले तेव्हा

मंडळी, आज दुपारी वर्गात जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी सोनाळ्यात शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांसोबत विज्ञान आणि चित्रकलेचे प्रयोग करते. आज खोलीत अंधार केला आणि खिडकीला लावलेल्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडलं. बाहेरचं अंगण समोरच्या भिंतीवर उलटं उमटलं, रंगांसकट. मुलं तिथं कागद चिकटवून ते गिरवू लागली.

तेवढ्यात पाचवीतल्या श्रावणीचे वडील आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, पोरीचं नाव काढून टाका. शनवारी तिले ट्युशनले पाठवतो. चित्रं काढून काय होते?"

"तिचं चित्र होऊ द्या, जरा थांबा," मी म्हटलं. ते अंगणात जाऊन उभे राहिले.

आतून श्रावणी ओरडली, "बाबा, हलू नका. पाय काढायचे राह्यले."

कशाचे पाय, ते त्यांना कळलं नाही. तरी ते उन्हात तसेच उभे राहिले.

मग ती कागद घेऊन बाहेर आली.

"हा मी आहो काय? उलटा काऊन?"

"उजेड सरळ चालते ना, बाबा. तुमच्या डोक्याकडचा उजेड भोकातून खाली जाते, पायाकडचा वर."

त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग मला म्हणाले, "नाव राहू द्या सध्या."

मला त्यांचं ते दुसऱ्यांदा विचारणं फार आवडलं. आपल्या लेकरांकडून आपण शेवटचं काय शिकलो, सांगाल?