झडतीत न सापडलेलं नाणं

आमच्या ह्यांना सगळे 'नाहीशेठ' म्हणतात. दुकान घड्याळदुरुस्तीचं, पण घड्याळ घेऊन येणारे थोडे आणि मुठीत नाणं घेऊन येणारे जास्त. "टांकसाळीत चुकलेलं दिसतंय, अशांना मोठी किंमत येते म्हणे, बघा ना जरा." हे डोळ्याला भिंग लावतात, नाणं उलटंपालटं करतात आणि शंभरातल्या नव्याण्णवांना 'नाही' म्हणतात. नाव काही उगाच पडलेलं नाही.

मी काउंटरपाशी बसून पट्टे विकते. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही आता अर्धंमुर्धं कळतं. टांकसाळीत ठसा तडकला तर नाण्यावरची रेघ उठून येते, आणि बाहेर कुणी खरवडलं असेल तर ती आत जाते. नख फिरवलं की समजतं. पण लोकांना पटेल तर शपथ! एकाने नाण्यावर धातूचा गोळा आलाय म्हणून आणलं, ह्यांनी गरम पाण्यात टाकलं, तर तो निघाला वाळलेला डिंक. वर तो माणूस ह्यांच्यावरच चिडला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

ह्यांचा स्वभाव हळवा, हीच मोठी पंचाईत. तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. आधी मला हाक मारतात, "अगं, पाणी आण जरा." मग सुतकी चेहरा करतात, खाकरतात, "मन घट्ट करा" म्हणतात, आणि मग कुठे ते 'नाही' बाहेर पडतं. मी कितीदा सांगितलं, अहो, एकदाचं सांगून मोकळे व्हा. पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी दुपारी एक शिलाईकाम करणाऱ्या बाई आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, शिवता शिवता उठून आल्यासारखी. रुमालाची गाठ सोडून त्यांनी नाणं पुढे ठेवलं आणि बोलायला लागल्या, "काका, हे माझ्या वडिलांच्या..."

"गोष्ट नंतर, ताई. आधी नाणं," हे म्हणाले आणि खिडकीजवळ जाऊन बसले. गोष्ट आधी ऐकली की डोळा फसतो, असं ह्यांचं म्हणणं. आणि एकदा भिंग लागलं की कानाशी ढोल बडवला तरी ह्यांना ऐकू जायचं नाही. म्हणून गोष्ट माझ्या वाट्याला आली.

बाईंचे वडील टांकसाळीत होते, नाणी छापायच्या यंत्रावर, एकतीस वर्षं. चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांची हत्यारांची पेटी आवरताना तळाशी हे नाणं मिळालं. त्याच्या एका बाजूला चित्र, आकडे सगळं उलटं आणि आत गेलेलं. धाकट्या भावाने लगेच मोबाइलवर शोधलं. छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर असं उलटं उमटतं म्हणे, आणि अशा नाण्याचे लाखभर तरी येतात.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"कसलं चांगलं, काकू? हे खरं निघालं तर माझे बाबा चोर ठरतात."

मी पट्ट्यांचा खोका बाजूला सारला. बाई सांगत होत्या. टांकसाळीत चुकलेलं प्रत्येक नाणं वितळवायला जातं. रोज सुटताना झडती. झडती घेणाऱ्याला शंकासुद्धा यायला नको म्हणून बाबांनी कामावरच्या पँटचे खिसे शिवून टाकले होते. "ती शिवण मी घालायची. दहा वर्षांची होते. सुई हातात धरायला तिथेच शिकले. आणि आता भाऊ म्हणतो, अगं, सगळेच आणत असतील, त्यात काय एवढं! तेव्हापासून मला बाबांच्या फोटोकडे बघवत नाही हो."

मी काही रडणारी बाई नाही, भांडणारी आहे. त्या भावाचा कान धरावासा वाटला.

तेवढ्यात ह्यांनी मान वर केली. "अगं, पाणी आण जरा."

माझा जीव भांड्यात पडला. पाणी म्हणजे 'नाही', हे मला माहीत. पण त्या बिचारीला काय माहीत? तिला दिसला तो ह्यांचा सुतकी चेहरा. हे खाकरले. "ताई, मन घट्ट करा," म्हणाले, आणि बाईंनी काउंटर धरून हुंदका दिला.

"अहो, बस करा ती प्रस्तावना," मी ओरडलेच. "त्यांना ते खोटंच हवंय!"

असं गिऱ्हाईक ह्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "खोटं हवंय?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग घ्या की. अगदी शंभर टक्के खोटं आहे."

बाईंनी डोळे पुसले, पण विश्वास बसेना. "माझं मन राखायला सांगू नका, काका."

ह्यांनी त्यांना दिव्याखाली बसवलं, भिंग हातात दिलं. खरी चूक असती तर त्या बाजूला उलट्या चित्राशिवाय दुसरं काही नसतं. इथे त्याच्याखालून नाण्याचं मूळचं चित्र डोकावत होतं. मागची बाजू चेपलेली आणि तिच्यावर व्हाइसच्या, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, दातांच्या रेघा. "दोन नाणी एकमेकांवर ठेवून कुणीतरी व्हाइसमध्ये आवळलीत. छापून झाल्यावरचं काम आहे हे."

"व्हाइस तर टांकसाळीतही असेल," बाई हळूच म्हणाल्या. वडिलांवर एवढी माया, पण स्वतःची फसवणूक करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मला त्या फार आवडल्या.

ह्यांनी खणातून छोटा आरसा काढून नाण्यासमोर धरला. आत गेलेले उलटे आकडे आरशात सुलटे झाले. "हे नाणं जुनं आहे. पण ज्या दुसऱ्या नाण्याने ते दाबलं, त्याचं साल बघा. शेवटी शून्य, नऊ."

"शून्य नऊ?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "बाबा शून्य सहाला निवृत्त झाले."

"मग ते दुसरं नाणं टांकसाळीतून निघालं तेव्हा तुमचे बाबा घरीच होते," हे म्हणाले. "ह्यापुढे मला नाही वाटत काही सांगायचं राहिलं."

बाईंनी ते आकडे आरशात पुन्हा एकदा वाचले. मी पाठीवरून हात फिरवला, तर त्या रडता रडता हसत होत्या. मग एकदम थांबल्या. "पण त्यांनी असलं काही केलं तरी कशाला?"

"ते काही नाणं सांगत नाही, ताई."

शून्य नऊला आपली मुलगी केवढी होती ते बाईंनी बोटांवर मोजलं आणि तिला फोन लावला. "अगं, आजोबांच्या पेटीत एक नाणं सापडलंय, उलट्या चित्राचं."

"अय्या, ते माझं आहे!" पलीकडचा आवाज आम्हालाही स्वच्छ ऐकू आला. "मी लहानपणी आजोबांच्या मागे लागले होते, तुमच्या कामावरचं नाणं दाखवा म्हणून. ते म्हणाले, तिथलं एकही घरी आणता येत नाही, बाळा, चल, आपण इथेच एक करू. तू कुणाला देऊन टाकू नकोस हं."

"नाही गं, राणी," बाई म्हणाल्या. त्यांनी नाणं पुन्हा रुमालात बांधलं. धाकट्या भावाने त्याचे लाख ठरवले होते, त्याला आता काय सांगायचं, ते मी त्यांना दारापर्यंत पोचवताना शिकवत होते. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. घरी जाऊन आधी बाबांच्या फोटोवरची धूळ पुसते, एवढंच त्या म्हणाल्या.