प्रागमध्ये बाबा हरवले तो दिवस

टॅक्सी दाराशी लागली तरी बाबा माझी बॅग पुन्हा पुन्हा उचलून बघत होते. वजन जास्त झालंय असं त्यांचं ठाम मत होतं. २०११ ची ती सकाळ, चिंचवडची आमची सोसायटी, जिन्यात उभे असलेले शेजारी. आई डोळे पुसत होती. बाबा मात्र ड्रायव्हरला रस्ता समजावत होते, जणू त्याने मुंबईचं विमानतळ कधी पाहिलंच नव्हतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "इकडची काळजी करायची नाही. इकडे सगळं छान असेल."

आणि खरंच, पुढची कित्येक वर्षं दर रविवारी फोनवर सगळं छानच असायचं.

ऑकलंडला शिकायला आले, कोर्स संपला, ईस्ट टामाकीच्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी भरण्यापासून सुरुवात केली. पुढे तिथल्याच एका पॅकेजिंग कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला लागले. अमेयशी लग्न झालं, ऑकलंडच्याच मनुरेवा भागात घर घेतलं. 'खूप' म्हणायच्या जागी 'हीप्स' तोंडात बसलं, दूध आणायला पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, सरकवून कोपऱ्यावरच्या डेअरीत जायला लागले. आईबाबांनी इकडे यायचं असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. मीही फोन ठेवताना म्हणायचे, इकडेही छान. जे माझ्यासारखे गेलेत आणि जे मागे राहिलेत, त्या सगळ्यांना हे रविवारचे फोन माहीत असतील.

मग एका मे महिन्यात योग जुळून आला. कंपनीने नवीन मशीनच्या ट्रेनिंगला मला जर्मनीला पाठवलं, आणि तेव्हाच आईबाबा पुण्याच्या एका ग्रुपबरोबर युरोप टूरवर होते. त्यांचा मुक्काम प्रागला. मी रेल्वेने तिथे पोचले आणि टूर मॅनेजरला सांगून एक पूर्ण दिवस दोघांना मागून घेतलं.

नेमक्या त्याच दिवशी एका बड्या देशाचे राष्ट्राध्यक्ष प्रागला आले होते. रोज बातम्यांत दिसणारा चेहरा. सकाळपासून डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. ट्राम मध्येच थांबत होत्या, चौकाचौकात काळ्या गाड्या आणि पोलीस. गडावर जायचा बेत होता, पण गड बंद. मग आम्ही नदीपलीकडच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडलो. आई दगडी रस्त्यावर जपून पावलं टाकत होती. बाबा मजेत होते, पण गप्प. एरवी प्रत्येक इमारतीची पाटी वाचणारा माणूस नुसता माझ्या मागून चालत होता. थकले असतील, असं मी धरून चालले.

दुपारी एका मोठ्या रस्त्याशी आलो तर पोलिसांनी बॅरिकेड लावले होते. ताफा येणार म्हणून माणसं दाटीवाटीने उभी. आईला बाथरूमला जायचं होतं. समोरच एक कॅफे होता.

"तुम्ही दोघी जा," बाबा म्हणाले. "मी इथेच थांबतो. रोज टीव्हीवर दिसतो तो, एकदा प्रत्यक्ष बघू तरी."

आई घुटमळली. "तुम्ही पण चला ना आत."

"अगं, राहू दे की त्यांना," मीच म्हटलं आणि तिला ओढून नेलं.

आम्ही आत असतानाच सायरन वाजले. बाहेर आलो तर सगळं बदललेलं. पोलिसांनी गर्दी मागे रेटून बॅरिकेड पुढे सरकवले होते, आमची गल्ली आणि तो रस्ता यांच्यामध्ये कुंपण आलं होतं. बाबा उभे होते तिथे आता एक पोलीसगाडी होती.

"असतील इथेच कुठेतरी," मी म्हटलं. "फोन लावते."

आईच्या पर्समध्ये फोन वाजला.

"त्यांचा फोन तुझ्याकडे कसा?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. "हरवतात गं ते. फोन, किल्ल्याही कुठेतरी विसरतात, म्हणून मीच ठेवते. मागच्या वर्षी बाजारातून घरी यायचा रस्ता सापडेना, वाण्याच्या मुलाने आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू तिकडून काय करणार होतीस?"

मी मनातल्या मनात हिशोब करू लागले. त्यांच्या खिशात काय आहे? पासपोर्ट टूर मॅनेजरकडे, हॉटेलचं कार्ड आईकडे. मी कुंपणाच्या कडेकडेने धावत सुटले, आई मागे. एका गल्लीतून बाहेर पडावं तर पुढची बंद. टूर मॅनेजरला फोन लावला तर तो नदीपलीकडे, आणि पूल बंद. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या माणसात मला बाबा दिसत होते. एका वळणावर आई खाली दगडावरच बसली. "मला हात तरी धरून ठेवायला हवा होता," एवढंच ती म्हणत राहिली.

शेवटी एका तरुण पोलीसबाईला गाठलं. तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. मी वर्णन सांगितलं: भारतीय गृहस्थ, सत्तरीचे, निळा स्वेटर. ती वॉकीटॉकीवर बोलली, तिकडून काही ऐकलं आणि मान हलवली.

"एक वृद्ध गृहस्थ आहेत. पण ते न्यूझीलंडचे आहेत."

"नाही, नाही, भारतातले. टूरवर आलेत."

"घर कुठे विचारलं तर त्यांनी ऑकलंडचा पूर्ण पत्ता सांगितला," ती म्हणाली आणि वॉकीटॉकीवर ऐकत एकेक शब्द अडखळत उच्चारू लागली. घर नंबर. आमच्या रस्त्याचं नाव. मनुरेवा. पोस्टकोडसुद्धा बरोबर.

मी रडले की हसले, मला सांगता येणार नाही.

एका चर्चच्या पायऱ्यांवर, हातात पाण्याची बाटली घेऊन, दोन पोलिसांच्या मध्ये बाबा बसले होते. आम्हाला पाहून उठले. घाबरलेले होते, पण ते दिसू नये म्हणून स्वेटर सारखा करत होते.

"ह्यांनी घर विचारलं," ते मला म्हणाले. "हॉटेल आठवेना. चिंचवडचं सांगायला गेलो तर तेही अर्धवटच. तुझा पत्ता तेवढा धडाधड आला. फराळाच्या खोक्यावर दर दिवाळीला मीच घालतो ना."

ते घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

हॉटेलवर बाबा झोपल्यावर आई आणि मी खिडकीशी बसलो. मी तिला शपथ घातली, की यापुढे रविवारी खरं सांगायचं. ती म्हणाली, "तूसुद्धा." मग मी तिला सांगितलं, की आमचं बाळ पोटातच गेलं, त्या रविवारी मी तिच्याशी फोनवर पावसाबद्दल बोलत होते. ती जवळ सरकली. माझं डोकं मांडीवर घेऊन थोपटत राहिली.

चिंचवडला परत जायचा विचार मी आणि अमेयने केला, नाही असं नाही. आईबाबांना कायमचं इकडे आणावं तर पालकांसाठीच्या त्या व्हिसाची दारं तेव्हा बंद होती. शेवटी मधला मार्ग निघाला: आपल्याकडच्या थंडीत ते इकडे येणार, तो इथला उन्हाळा, आणि मधे मी बिनपगारी रजा काढून तिकडे जाणार.

पहिल्यांदा आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी उठले तर पुढचं दार सताड उघडं. बाबांचं अंथरूण रिकामं. मी तशीच अनवाणी रस्त्यावर पळाले. डोळ्यांपुढे ते बॅरिकेड.

चार घरं पलीकडे सामोआची आमची शेजारीण, सीना, बाबांचा हात धरून उभी होती. ते मराठीत बोलत होते, ती इंग्रजीत 'येस, येस' करत होती.

"कीया ओरा," मला बघून तिने इथला माओरी नमस्कार केला. "हे तुमच्याकडचे का? मला वाटलंच. नाक तुझंच आहे."

मी तिला सगळं सांगितलं. तिने मान डोलावली. तिच्या आईचंही असंच होतं म्हणे. त्या दिवशी मी डेअरीवाल्याला सांगितलं, समोरच्या घरी सांगितलं: हे माझे बाबा, कुठे दिसले तर आमच्याकडे आणून सोडा. इतकी वर्षं त्या रस्त्यावर राहून मी कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते. प्रागमध्ये त्या गर्दीत ह्या माणसाला कुणाच्या हवाली करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे आता चार दारांना ठाऊक आहे. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला हे एवढंच सांगता येतं.

सीना त्यांना दारापर्यंत सोडायला आली. आईने आतून चहाचं विचारलं. सीना उंबऱ्याशी संकोचून थांबली. बाबा दारात उभे राहिले, बैठकीवरून एकवार नजर फिरवली, हे कुणाचं घर असावं अशी. मग तिला वाट करून देत म्हणाले, "या, आत या. आपलंच घर आहे."