चोरीचा मनीप्लांट

आमच्या घरात आयुष्यभरात चोरीचा एकच माल आला, तो म्हणजे हॉलमधला मनीप्लांट. तोही यांनी आणलेला. ऑफिसची पेन्सिल कधी घरी न आणणारा माणूस एका संध्याकाळी डबा उघडतो, तर आत हातभर वेल! चेहरा असा, की पोलीस जिन्यातच उभे आहेत. मी म्हटलं, अहो, मागून नाही का आणायचा? तर म्हणे, मागून आणलेला मनीप्लांट लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, अख्खं नागपूर हेच सांगते. कापताना हात थरथरत होते म्हणाले. त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत.

लागला मात्र झकास. आधी बाटलीत, मग कुंडीत, मग खिडकीच्या गजांवरून पार भिंतीवरच्या घड्याळापर्यंत. आणि त्याचं मागणं तरी काय? उजेड हवा, अंगावर ऊन नको. मातीत बोट घालून पाहायचं, कोरडी लागली तरच पाणी. रविवारी हे ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसायचे. मी चिडवायची, कधी माझ्या चष्म्यालाही फडकं लावा म्हणून. हे गेले आणि ते फडकं माझ्या हाती आलं. पानं पुसता पुसता मी यांच्याशी बोलायची. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मला तो वेल त्यासाठीच हवा होता.

आणि अशात खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने त्याच्यावरच हात मारला. पापड लाटू लागायला आली होती. ती गेल्यावर पाहते, तर एका फांदीचं टोक ताजं कापलेलं. मी तडक खाली गेले आणि तोंडावर विचारलं, मागितलं असतं तर दिलं नसतं का? ती शांतपणे म्हणाली, मागितलेला लागतो का? रीत मलाही ठाऊक होती. पण यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, पान गळलं तरी मला सोसवायचं नाही. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. आजही म्हणते, माझं काही चुकलं नाही.

यंदा मे महिन्यात लेकीकडे पुण्याला जायचं निघालं. नवतप्याचे ते आगीसारख्या उन्हाचे नऊ दिवस तोंडावर, आणि याला एकट्याला ठेवायचं कसं? आमच्याकडे उन्हाळ्यात दारी आलेल्याला आधी पाणी, चिमण्यांना पाणी, गाईला पाणी, मग यालाच का तहानलेला ठेवायचा? मी मोठी परात काठोकाठ भरली आणि कुंडी तिच्यात बसवून निर्धास्त गेले.

परत आले तेव्हा दार उघडताच कुजका वास आला. पानं पिवळी, देठ काळे पडून लिबलिबीत. कोरडा राहिला असता तर मजेत जगला असता, माझ्या पाण्यानेच मेला बिचारा. जिवंत पेर कुठे सापडतं का म्हणून सगळा वेल चाचपला. एकही नाही. लेक फोनवर म्हणाली, ऑनलाइन दुसरा मागव. मी म्हटलं, त्याला तुझ्या बाबांचा हात लागलाय का? आणि फोन ठेवून मनसोक्त रडले.

मग अभिमान गिळला आणि खाली गेले. तिच्या खिडकीत आमचाच वेल, तीच पांढऱ्या रेघांची पानं, चांगला पडद्याएवढा दाट. माझा मेला हे तिला सांगितलं आणि म्हटलं, एक फांदी दे.

तिने सरळ नाही म्हटलं. माझं डोकंच फिरलं. निघाले, तर तिने हात धरून मला खुर्चीत बसवलं.

"मी देलं तं लागन का वं? बस इथं. मी चहा ठेवून राहिली."

कैची माझ्यासमोर स्टुलावर ठेवली आणि स्वयंपाकघराचा पडदा ओढून ती आत गेली.

मी उठले. पेराच्या खाली कापायचं, हे यांनीच शिकवलेलं. पण कैची धरवेना. हात थरथरत होते, अगदी यांच्यासारखे. हसू येत होतं आणि डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. कशीबशी फांदी कापली आणि पदराखाली घेतली.

"झालं काय वं तुझं?" आतून तिने विचारलं. "चहा आटून राहिला ना."