भागूबाईचा अंगठा

कुसगावच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे. भागूबाई तिथली. न्हाणही आलं नव्हतं तेव्हा तिचं लग्न लागलं. नवऱ्याने तिला कोळशाच्या भट्टीवर जुंपलं आणि स्वतः सावलीत बसून तिची मजुरी उचलली. असल्या मर्दपणाचा तिला लवकरच वीट आला. एके सकाळी डोक्यावरची मोळी तिथेच टाकून ती निघाली, ती रुळांच्या कडेने, काळोख्या बोगद्यांतून घाट उतरून थेट कर्जतला.

तिथे रेल्वेची खडी फोडताना तिला कोंडू भेटला. तो कातकरी. त्याच्यासोबत ती वाडीत परतली, तर पंचांनी दोघांना वाळीत टाकलं. नवरा हिची मजुरी खात होता तेव्हा मूग गिळून बसलेले हेच ते पंच. कोंडू तापाने गेला तेव्हा खांदा द्यायलाही कुणी फिरकलं नाही. भागूबाईने आणि तिच्या लेकीने, सुषमाने, त्याला घोंगडीत घालून ओढ्याकाठी नेलं. पुढे लोणावळ्याच्या बाजारात करवंदं विकत तिने लेकीला शाळेत घातलं.

मग सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं आणि गावच्या पुढाऱ्याला, हौशीरामला, वाडीची वाट सापडली.

“मावशी, तुमी नुसतं खुर्चीत बसायचं. बाकीचं आमी बगतो.”

ती बसली. काही महिन्यांनी हौशीराम एक ठराव आणि शाईचा डबा घेऊन आला.

“हितं अंगठा लावा.”

“काय लिवलंय?”

“गावाच्या भल्याचं हाय. तुमाला काय करायचंय?”

भागूबाईने सुषमाला हाक मारली. सुषमाने ठराव मोठ्याने वाचला. वाडीचा झरा मुंबईच्या एका रिसॉर्टवाल्याला द्यायचा होता. हे म्हणे गावाचं भलं!

भागूबाईने शाईचा डबा मिटला. “अंगठा माझा हाय, हौशीराम. तुज्या खिशातला न्हाई.”

या अपराधाबद्दल सदस्यांनी अविश्वास आणून तिला खुर्चीवरून उतरवलं. पण तोवर बातमी वाडीभर झाली होती. तिला वाळीत टाकणाऱ्यांची पोरंबाळंही झऱ्यावर ठाण मांडून बसली. रिसॉर्टवाल्याने दुसरा डोंगर बघितला.

भागूबाई आता शंभरीला टेकली आहे. परवा गावाने तिचा सत्कार केला. हौशीरामचा मुलगा निलेश हल्ली सरपंच आहे. त्याने तिला ‘गावाची शान’ म्हटलं. आडनाव मात्र मागे वळून विचारून घेतलं. मग माइक तिच्या तोंडापुढे धरला.

“आज्जी, दोन शब्द बोला.”

“लय वर्सं बोलतेच हाये की. तवा माइक नव्हता, म्हनून ऐकू आलं न्हाई व्हय तुमाला?”

मांडव हसला. टाळ्याही कडाडल्या. शरम कुणाच्या चेहऱ्यावर दिसली नाही. फोटोसाठी निलेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. भागूबाईने तो उचलून बाजूला केला आणि जेवणाला किती वेळ आहे ते सुषमाला विचारलं.