हाताच्या वर पाणी नाही

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मी थांबतो... झालं? आता ऐका.

मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. भूत, भानामती, करणी — वर्गात कुणी विषय काढला की मी त्याला पुढे बोलावून पुरावा मागतो. नातेवाइकांत तर माझी अशी ख्याती की, अंगात आलेल्या बाईसमोर याला नेऊ नका, हा नाडीचे ठोके मोजायला बसतो. (एकदा मोजले होते. बहात्तर. अगदी नॉर्मल.) तर असा मी आज हे लिहितोय, आणि माझं मलाच नवल वाटतंय.

ठिकाण — नागपूर, प्रताप नगर, आमचं तळमजल्याचं घर. काळ — मागचा हिवाळा. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर दीड महिना हॉलमधल्या दिवाणावर पडून राहायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. ती सहज म्हणाली, "टीव्हीचा कंटाळा येईल हो. काहीतरी जिवंत पाहायला मिळालं पाहिजे."

एखाद्या शहाण्या नवऱ्याने पोपट आणला असता. मी हॉलमध्ये काँक्रीटची माशांची टाकी बांधायला घेतली. लांबी बारा फूट, रुंदी पाच, उंची चार. जवळजवळ सात हजार लिटर पाणी! आणि दर्शनी बाजूला, दिवाणाच्या बरोब्बर समोर, भलीमोठी काच. ही काच म्हणजे एका मित्राच्या बंद झालेल्या साडीच्या दुकानाची शोकेस. इतकी वर्षं हिच्यामागे पैठण्या होत्या, आता रोहू पोहतील — या कल्पनेवर मी इतका खूश होतो की विचारू नका.

काम करायला कामठीहून बबन मिस्त्री यायचे. साठीचे, कमी बोलणारे. पण बोलले की लागणारे.

"भाऊ, काच पातळ वाटून राहिली."

"मिस्त्री, विज्ञान तुम्ही शिकवता की मी?"

"तुम्हीच शिकवता. म्हणून तं भेव वाटून राहिलं."

टाकीच्या आतल्या प्लास्टरचा दिवस. मिस्त्रींनी मागची भिंत घोटून घोटून अशी गुळगुळीत केली की त्यात तोंड दिसावं. दुपारी एक वाजता हॉलला कडी लावून आम्ही तिघं मागच्या अंगणात जेवायला बसलो. अर्ध्या तासाने परत येतो, तर ओल्या सिमेंटवर हाताचा पंजा. तळापासून दोन फुटांवर, बोटं वर, तळवा आपल्याकडे. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो ना, तस्सा.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे. सुनंदा म्हणाली, "माझा गुडघा वाकत नाही, मी चार फुटांच्या टाकीत उतरू? काहीतरीच!"

मिस्त्रींनी थापी फिरवून पंजा पुसला, संध्याकाळपर्यंत बसून भिंत वाळू दिली, आणि मगच गेले. सकाळी पाहतो तर पंजा पुन्हा तिथेच. तेच माप, तीच जागा. फक्त आता सिमेंट दगडासारखं घट्ट होतं. नखाने ओरखडाही उठत नव्हता, आणि पंजा मात्र लोण्यात उमटावा तसा खोल.

मग काय, मी तपास सुरू केला! आधी मिस्त्रींचा हात लावून पाहिला, मग माझा, मग कागदावर उतरवून सुनंदाचा. दुपारपर्यंत सगळी गल्ली आमच्या हॉलमध्ये रांगेत. बायका, म्हातारे, पोट्टे — एकेक जण टाकीत उतरतोय, हात लावतोय, वर येतोय. शेजारच्या कुंदाताई तर आरशात पाहून, पदर नीट करून आल्या. एकाचाही हात बसेना. कारण त्या पंज्याची करंगळी बाजूच्या बोटाएवढीच लांब होती. मोजपट्टीने मोजलं मी. तंतोतंत.

"माकड असन," कुंदाताई म्हणाल्या.

"कडी लावून गेलेलं?" मी विचारलं.

"शिकलेलं असन."

पुढच्या पंधरवड्यात काच बसली, ऑपरेशन पार पडलं, सुनंदा घरी येऊन दिवाणावर पडली. राहिलं होतं पहिलं पाणी. नव्या सिमेंटचा चुना माशांना मारतो, म्हणून टाकी आधी नुसतीच भरून आठवडाभर ठेवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. मी मोटार सुरू केली. मिस्त्री टाकीच्या काठावर बसून पाहत होते. पाणी पंज्याच्या बुडाशी आलं, तसे ते उठले आणि मोटार बंद केली.

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"हाताच्या वर पाणी नाही, भाऊ. त्यानं एकदा सांगतलं, मी पुसलं. मंग त्यानं पुन्हा सांगतलं. आता आपुन आयकाव."

"कुणी सांगितलं?"

"ते मले काय माईत! तुमाले भराचं असन तं भरा. मी चाललो कामठीले."

मी भाषण सुरू करणार, इतक्यात दिवाणावरून आवाज आला, "अहो, काचेसमोर झोपायचं मला आहे. तुम्ही शाळेत असता. राहू द्या तेवढंच."

मी राहू दिलं. पटलं म्हणून नाही. ऑपरेशन झालेल्या बाईशी वाद घालू नये म्हणून. आणि खरं सांगतो — रविवारी गुपचूप भरू, हे मी मनात ठरवलेलं होतं.

शनिवारी दुपारी साडेतीनला मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. 'टक्' असा आवाज झाला. मग सुनंदाची हाक — किंचाळी नव्हे, नुसती हाक. धावलो. काच आडवी तडकली होती. खालचा तुकडा निखळून पडला आणि पाणी धडाडत बाहेर आलं. दिवाणाच्या खालून गेलं, दारापर्यंत गेलं, चपला तरंगल्या. सुनंदा वर जशीच्या तशी, कोरडी. वरचा अर्धा तुकडा चौकटीतच लटकत होता, कारण त्याच्यामागे पाणीच नव्हतं.

तिला पळता आलं नसतं. उठताही आलं नसतं.

त्या पाण्यात उभं राहून मी मनातल्या मनात तो हिशेब केला, जो मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहितो — द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो. चार फूट पाणी असतं, तर दाबही दुप्पट, भिजलेली काचही दुप्पट, म्हणजे काचेवरचा जोर चौपट झाला असता. अख्खी काच, सगळं पाणी, आणि समोर ती. मी दिवाणाच्या काठाशी बसलो. सुनंदाने माझं डोकं थोपटलं आणि म्हणाली, "चहा उतू गेला बघा."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. काचेचे तुकडे वेचून पोत्यात भरले. 'सांगतलं होतं' म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता जाड, कडक केलेली काच आहे. जाणकाराने मोजून बसवली आहे, चार फूट पाणी आरामात पेलेल म्हणतो. नऊ रोहू आहेत. सुनंदा चालायला लागलीय, रोज सकाळी स्वतः त्यांना खायला घालते.

मिस्त्रींची चेष्टा, सिमेंटचा दोष, चोर, माकड — सगळं तपासून झालंय माझं. तुमच्याकडे काही असेल तर जरूर सांगा, पण आधी तुमची करंगळी मोजा! सुनंदा म्हणते, "कशाला शोधता? ज्यानं केलं त्याला काही मागायचं असतं, तर मागितलं असतं."

तिच्यासमोर मी हो म्हणतो. पण पाणी बदलताना घरात कुणी नसलं, की मोटारीच्या बटणावर बोट ठेवून भिंतीकडे बघत विचारतो, "बस का?" अजून तरी उत्तर आलेलं नाही. पाणी मी पंज्याच्या खालीच थांबवतो.