मागलीचा नियम

माझ्या कादंबरीबद्दल मला जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला, त्याचं खरं उत्तर मी आजवर एकालाही दिलेलं नाही. ही मागली तुम्हाला सुचली कशी? — सत्काराला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, धाराशिवच्या कॉलेजातल्या पोरांनी विचारलं, व्याह्यांनीसुद्धा जेवता जेवता विचारलं. लहानपणी आजीकडून ऐकलं होतं, असं मी दरवेळी सांगत आलो. माझी आजी माझ्या जन्माआधीच वारली होती.

आता खरं सांगायला बसलोय, तर दार लावून घेतलंय. कुणाची भीती आहे मला? ज्यांना तोंड द्यायचं होतं त्यांतले बहुतेक गेले. तरी कडी घालताना मी मागं वळून पाहिलं. या वयात! हसू आलं तर हसा — मला येत नाही.

मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. मुरुमपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात मी पोरांना मराठी लिहाय-वाचायला शिकवत होतो. शाळा कसली, शिवप्पा नावाच्या तेल-गुळाच्या व्यापाऱ्याच्या दुकानामागची खोली ती. शिवप्पा लिंगायत, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. मला खोली त्यांनी दिली, दोन वेळची भाकरी त्यांच्या घरची. लढाईच्या दिवसांत कागद मिळत नव्हता, तेव्हा मालाबरोबर आलेला जाड कागद ते तेलाच्या डब्याखाली दाबून सरळ करायचे आणि मला आणून द्यायचे. मी त्यावर काय लिहितो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मास्तर लिहितोय म्हणजे चांगलंच असणार, एवढीच त्यांची समजूत.

मी एक राज्य लिहीत होतो. सातवेस त्याचं नाव. उडते घोडे आणि राक्षस मला नको होते. मला आधी त्या राज्यातली मापं ठरवायची होती. मीठ कशानं मोजतात, नवरीच्या हातात काय देतात, मेलेल्याचं नाव केव्हापासून पुन्हा घ्यायचं — हे ठरल्याशिवाय माझं वाक्य पुढं सरकत नसे. शाळा सुटली की मी कोळशानं जमिनीवर त्या राज्याचा नकाशा काढायचो आणि पोरं यायच्या आत पुसून टाकायचो. त्या काळात नकाशा काढणाऱ्या मास्तराला कुणी काय विचारलं असतं, याची धास्ती होतीच. पण खरं सांगू? त्या धास्तीत मजाही होती.

अडलं ते शेवटच्या वेशीपाशी. तिच्यातून माझ्या नायकाला एकट्यालाच जायचं होतं आणि त्याचे सोबती त्याला सोडायला तयार नव्हते. मीच त्यांना इतकं जिवाला जीव देणारं करून ठेवलं होतं! मग मी मागली केली. मागली म्हणजे मागून येणारी. तिला तोंड नाही, रूप नाही. तुमच्या पावलात पाऊल टाकत येते, इतकंच. वळून बघायचं नाही. एकट्याला ती सोडते. घोळका असला तर त्यातलं सगळ्यात लहान घेऊन जाते — कडेवरचं असो, पोटातलं असो. एका सोबत्याची बायको गरोदर होती, ते बरं जमलं. सगळे वेशीवरच थांबले. कथानकाची अडचण भागवायला केलेला नियम होता तो. त्यात दुसरं काहीही नव्हतं.

पण कागदावर ती उठेना. वाचताना मलाच भीती वाटत नव्हती, तर दुसऱ्याला काय वाटणार? मग माझ्या डोक्यात आलं — कागदावर नको, आधी माणसांत सोडून बघू. टिकते का, चालते का, बघू.

गावाच्या मावळतीला ओढ्याची एक घळ होती. दोन्ही अंगांनी पुरुषभर उंच दरडी, वर बाभळी. आत शिरलं की माणूस बाहेरून दिसत नसे. मेंढपाळ आणि सरपणाच्या बायका त्या वाटेनं जायच्या. घळ संपली की इंग्रजी हद्द जवळच. एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या मी अप्पांना म्हणालो, घळीतून येताना मागं पावलं वाजत होती, वळावंसं वाटलं पण वळलो नाही. भुताखेतांची टिंगल करणारा गावात मी एकटाच, म्हणून तर ते खरं वाटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर अप्पा खो खो हसले असते. ते हसले नाहीत. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी धोतराची एक चिंधी फाडून घळीच्या तोंडावरच्या बाभळीला बांधून आलो. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वाटेवरच्या झाडाला चिंधी दिसली की येणारा कारण विचारत नाही, आपली एक बांधतो आणि पुढं जातो. पोळा आला तोवर ती बाभूळ ओळखू येईना.

आणि गाव माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होतं! मेंढपाळ म्हणाला, घळीत शिरलं की बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या थांबतात. एका बाईला तिथं ओल्या बाळंतिणीच्या खोलीचा वास आला. मी हे सगळं ऐकायचो आणि खोलीत येऊन प्रकरणात घालायचो. कुणी तिची पावलं उलटी आहेत म्हणालं तर मी दुरुस्त करायचो — ती हडळ, ही नव्हे. हिचा नियम वेगळा. सगळ्यांना नियम पाठ झाला. इतका आनंद मला नंतर पुस्तक छापून आलं तेव्हाही झाला नाही.

अप्पांची सून गौरव्वा. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिनं त्या बाभळीला बांगडी बांधली आणि नवस बोलली, मला दे, मी लेकरू तुझ्या वाटेनं कधी आणणार नाही. पुढं तिला दिवस गेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ — पण हे तिला कोण सांगणार? अप्पांनी झाडाखाली दगडी कट्टा बांधला. कट्ट्याला पहिला नारळ मी माझ्याच हातानं फोडला. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा फार तर हसं झालं असतं माझं, चार दिवस दुकानात बसायची लाज वाटली असती.

मी सांगितलं नाही. उलट मीच संध्याकाळचं घळीकडं जाणं सोडून दिलं. आपण केलेली गोष्ट आहे हे ठाऊक असून पाठीत गार शिरशिरी यायची.

मग ते वर्ष आलं. बंदुका घेतलेली माणसं मोटारीतून गावोगाव फिरू लागली. आज या गावची गंजी पेटली, उद्या त्या गावची माणसं नेली. बायका कुंकू पुसून पाण्याला जायला लागल्या. तुरी निघाल्या होत्या, ज्वारी निघाली होती, रानं सगळी उघडी — लपायला आडोसा नाही. हद्दीपलीकडं जायचं, असं जो तो म्हणत होता आणि जो तो उद्यावर ढकलत होता.

एके दुपारी दस्तगीर टांगेवाला मुरुमहून रिकामा टांगा पिटाळत आला. घोडा फेसाळला होता. तो दुकानासमोर उतरला नाही, शाळेमागं येऊन मला एकट्याला बोलावलं.

"मास्तर, आज सडकेनं कुनालाबी जाऊ देऊ नका. मोटार त्या अंगालाच हाय. घळीतनं काढा मानसं, दिवस हाय तोवर काढा."

आमच्यासाठी तो काय पणाला लावून आला होता, हे मला तेव्हा कळत होतं. तो तसाच माघारी गेला.

मी दुकानात जाऊन त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एवढं तरी केलं — पण त्याचा काय उपयोग झाला, ते ऐका. अप्पा लगेच म्हणाले, गाड्या सोडा, चालत घळीनं निघू. गाठोडी उचलली गेली. आणि गौरव्वा उंबऱ्यात बसली. आठवा महिना लागला होता तिला. ती रडली नाही, ओरडली नाही. मी बोललेय तिला, त्या वाटेनं येणार नाही, एवढंच म्हणत राहिली. तिची सासू तिच्या शेजारी बसली. मग लेकुरवाळ्या बायका एकेक करून मागं सरल्या. मोटार येईल न येईल, मागली तर येतेच — असं कुणीतरी म्हणालं, आणि पुरुषांच्यातही कुणी त्याला खोडून काढलं नाही.

अप्पा माझ्याकडं वळले.

"मास्तर, पैल्यांदा तुमीच ऐकली तिला. तुमी सांगा. सोडंल का ती आमाला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दुकानात तेलाचा वास, गल्लीत कुत्रं भुंकत होतं. मी खोटं बोललो, असं म्हणायला किती वेळ लागतो? हे लोक माझं काय करतील, अशी भीती वाटली. कट्टा, नारळ, नवस — इतक्यांच्या श्रद्धेशी खेळलेला माणूस म्हणून याच घबराटीत ते माझ्यावर धावून आले तर? ही भीती खरी होती. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगताना आजही जीभ जड होते. मला बरं वाटलं होतं. नियम सगळ्यांना बरोबर आठवत होता. जीव जायची वेळ आली तरी माझी मागली टिकली होती.

मी म्हणालो, "ती चुकत नाही, अप्पा."

अप्पांनी मान हलवली आणि सडकेनं निघायला गाड्या जुंपायला सांगितल्या. मी माझी पिशवी घेऊन त्यांच्या गाडीकडं निघालो, तर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून अडवलं.

"ब्याड, मास्तर, नको. तुमी एकटं हाव, तुमाला सोडती ती. तुमी घळीनं जावा. आमच्यासंगं सडकेला कशापाई?"

आणि मी गेलो.

हो, गेलो. माझ्याच नियमानं मला वाट दिली आणि मी ती घेतली. पिशवीत सातवेशीचे कागद होते, बाकी काही नाही. घळीत ऊन दरडीच्या वरच्या कडेला होतं, खाली सावली. मी चालत होतो आणि मागं पावलं वाजत होती. माझीच असणार — दरडींवर आवाज उमटतो. दुसरं काय असणार? पण घशाला कोरड पडली आणि मान ताठ झाली. मी मनातल्या मनात नियम म्हणत होतो. एकट्याला सोडते. एकट्याला सोडते. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही.

अर्ध्या वाटेत सडकेच्या अंगानं मोटारीची घरघर ऐकू आली. मग बार. मग एकदम पुष्कळ बार. मग माणसांचा आवाज — इतक्या लांबून शब्द कळत नव्हते. मी वळलो नाही. वळून तरी काय करणार होतो, असं तुम्ही म्हणाल; मीही पुष्कळदा म्हणून बघितलंय. मी पळालो, पुढच्या बाजूला. हद्द ओलांडून पलीकडच्या शेतात पडलो तेव्हा धोतर ओलं झालं होतं.

अप्पा गेले. त्यांचा मुलगा, गौरव्वाचा नवरा, तोही गेला. आणखी कोण कोण गेलं ते सांगत नाही. त्यांची माणसं गावात आहेत. गौरव्वा गाडीतून उडी टाकून बांधाच्या आडानं सरपटत गेली आणि दुसऱ्या दिवशी हद्दीपलीकडं, पळून आलेल्यांच्या छावणीत पोचली. तिथंच तिला मुलगा झाला. मी त्याच छावणीत होतो. तिच्या तंबूवरून जावं लागू नये म्हणून पाण्याला लांबून जायचो.

मोगलाई संपली, आम्ही गावात परत आलो, आणि काही वर्षांनी कादंबरी निघाली. घळीचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. भीती अगदी हाडापर्यंत जाते, असं एकानं लिहून कळवलं. जाणारच. छापायच्या आधी मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं होतं — माझ्या मागं वाजलेली पावलं, घशाची कोरड, लांबून येणारा न कळणारा आवाज, सगळं त्यात घातलं. अप्पा मरत होते तेव्हाचा आवाज आहे तो. मी तो वापरला. आणि पुस्तक अप्पांना अर्पण केलं.

गौरव्वाला वाचता येत नाही. तिच्या मुलानं तिला ते वाचून दाखवलं. मग एका सकाळी ती आमच्या घरी आली, डोक्यावरचा पदर सारखा करत खाली बसली. मला वाटलं, आता कळलं हिला.

ती म्हणाली, "बरोबर लिवलंय, मास्तर. अशीच हाय ती. मालक गेले, मामंजी गेले — पर त्या दिशी घळीनं गेलो असतो तर ह्यो बी ऱ्हायला नसता. तुमी सांगितलं म्हनून माजं लेकरू ऱ्हायलं."

आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाहीत. सुखी राहा, म्हणालो.

घळीत त्या दिवशी कुणी नव्हतं. सगळं गाव, लेकराबाळांसकट, दिवस मावळायच्या आत पलीकडं गेलं असतं. गौरव्वा अजून आहे. आमच्याच गल्लीत राहते, तिचा खोकला मला इथं ऐकू येतो. आणि हे सगळं मी तुम्हाला सांगतोय, तिला नाही.