मोरचुदातलं पाणी

श्रीमती जयवंता सोळंके, राहणार बरकतपुरा. हुद्दा: रसायनशास्त्र विभागप्रमुख, नल्लकुंट्यातील एक खासगी शिकवणी संस्था. अधिकार: संयुगांची नावे व मोलर वस्तुमाने प्रमाणित करणे.

संस्थेत दर सोमवारी परीक्षेच्या गुणांवरून मुलांच्या तुकड्या बदलतात, आणि कधीकधी शिक्षकांच्याही. या वेळी निळ्या मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकांचं, मोलर वस्तुमान विचारलं होतं. संस्थेचं अधिकृत उत्तर १५९.५ ग्रॅम होतं, कारण स्फटिकातलं पाणी धरायचं राहून गेलं होतं. बाईंच्या ‘अ’ तुकडीने मात्र शिकवल्याप्रमाणे पाणी धरून २४९.५ लिहिलं आणि सगळी मुलं एका गुणाने घसरली.

बाई संचालकांकडे गेल्या. “सर, निळा म्हटलं की पाण्याचे पाच रेणू आलेच.”

“मॅडम, पानी कायकू गिनते?” संचालक म्हणाले. “उत्तरं आईबापांच्या मोबाइलवर पोचली. आता चूक कबूल केली तर संस्थेची इज्जत काय राहील? तुम्ही १५९.५ वर सही करा. ‘अ’ तुकडी तुमच्याकडेच राहील.”

संध्याकाळी बाईंच्या सहीचं परिपत्रक निघालं: चालू वर्षापुरते मोरचुदाचे मोलर वस्तुमान १५९.५ ग्रॅम समजण्यात यावे.

सोमवारी बाई ‘अ’ तुकडीलाच शिकवत होत्या. त्यांची आधीची मुलं ‘ब’ तुकडीत बसली होती.